पायाखालचा पत्रा

दादा गाडीत बसताना चप्पल काढून बसायचे. पिकअप दारात आली त्या दिवशी आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि दादांनी तेव्हाच ठरवून टाकलं की ही लक्ष्मी आहे, हिच्यात पायताण घेऊन चढायचं नाही. मी चप्पल घालून चालवायचो, त्याबद्दल ते बोलायचे नाहीत. ड्रायव्हरला माफ. पण स्वतः चढले की दोन्ही चपला सीटखाली सरकवायच्या आणि अनवाणी तळवे खालच्या पत्र्यावर टेकवायचे, हा नेम.

गाडी जुनीच घेतलेली. उन्हाळी कांदा निघाला की पहाटे तीस गोण्या भरायच्या, राळेगणहून वाडेगव्हाणला हायवेवर यायचं, सुपा, कामरगावचा घाट, केडगाव करत नेप्तीच्या उपबाजारात पोचायचं. लिलाव उरकून, पट्टी घेऊन, जनावरांची पेंड नाहीतर खताच्या गोण्या टाकून परत निघायला बारा-एक वाजायचे. वैशाखातलं ते ऊन. वरून टप तापलेला, समोरून काच तापलेली, पण खरा जाळ खालून यायचा. पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली सुप्यापर्यंत चहाला घेण्यासारखी व्हायची. मामांच्या घरनं आईसाठी दिलेली दह्याची बरणी मी एकदा तिथंच ठेवली. घरी आल्यावर झाकण उघडलं तर वर निवळी आणि खाली चोथा. क्लचपाशी माझा डावा पाय असा भाजायचा की मी घाटात चप्पल असूनही टाच उचलून धरायचो. खालची रबरी मॅट पत्र्याला चिकटून तिचा वास सुटायचा.

दादांना मात्र काही वाटायचं नाही.

“तुमचे पाय रबराचे झालेत,” म्हणायचे. “आम्ही चैतात नांगरटीमागं अनवाणी हिंडलो. ढेकळं तापलेली असायची, ढेकळं!”

मला ते पटायचं. आमच्या पिढीला त्यांच्याबद्दल असलं काहीही पटतं. पाझर तलावाचा बांध गळायचा तेव्हा गावानं श्रमदानानं तो दुरुस्त केला, त्यात दादांनी पाट्या टाकल्या होत्या. त्या उन्हाळ्यात खालच्या सात विहिरींना पाणी टिकलं, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की दगड-माती आणि ऊन यांचं दादांशी वैर असूच शकत नाही, असा माझा समज होता.

तरी मी माझ्यापुरते उपाय केले. पहिला उपाय सगळेच ड्रायव्हर करतात: बारदान भिजवून पायाखाली टाकायचं. माठ जसा गार राहतो तसंच ते, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण माठाला बाहेरचं वारं असतं आणि केबिनात नसतं. केडगाव सोडलं की बारदानातून वाफ यायला लागायची, काचा दमट व्हायच्या आणि कामरगावला गोणपाट कोरडं ठणठणीत. वर त्या ओलीनं मॅटखाली पत्रा गंजायला लागला तो वेगळाच. दुसरा उपाय शेजाऱ्यानं सुचवला. लग्नाच्या मांडवातला थर्माकोल उरला होता, तो कापून मॅटखाली बसवला. थर्माकोल उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागली की मऊ पडतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच खेपेला त्याचा पापड झाला आणि तो मला खुरप्यानं खरवडून काढावा लागला. बायको म्हणाली, “अहो, गाडी विका आणि टेम्पो भाड्यानं करा.” तिचंही चूक नव्हतं.

मग एके संध्याकाळी दादा ओट्यावर पाय धुवत असताना आईनं पाहिलं. डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, रुपयाएवढा फोड. फुटून आतलं लालभडक दिसत होतं.

“हे काय वो?”

“काय की. काटा मोडला आसंल.”

“काट्यानं असं होतं व्हय!”

दादांना साखर होऊन आठ वर्षं झाली होती. गोळ्या घ्यायचे, पण लग्नात जिलबीही घ्यायचे. शिरूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिलीच, पण आधी दादांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वळकटी करून एकेका बोटाला लावत विचारलं, “आता लागतंय का? आता?” दादा शांतपणे म्हणाले, “लावा की मग.” कापूस तेव्हा त्यांच्या करंगळीवरच होता. मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. डॉक्टरांनी मग कंप पावणारा चिमटा घोट्याला लावला, तोही त्यांना कळला नाही.

साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, डॉक्टर समजावत होते, सुरुवात बोटांपासून होते आणि मग वर चढत जाते; माणसाला वाटतं आपण काटक आहोत. “हे भाजलंय. घरात कुठं चुलीपाशी बसतात का? तापलेल्या फरशीवर?”

मी म्हणालो, “नाही.” आणि लगेच मला ती रबरी मॅटच्या वासानं भरलेली केबिन आठवली.

ती जखम भरायला अडीच महिने लागले. अंगठा राहिला, एवढं बरं झालं. त्या अडीच महिन्यांत नेप्तीला मी एकटा जायचो आणि लिलावात माझ्याकडून माल पडेल त्या भावात सुटायचा. दादा असले की ते व्यापाऱ्याच्या हातातला कांदा परत घेऊन सोलून दाखवत. ती कला मला नाही.

गाडी सुप्याच्या एका मिस्त्रीकडं नेली. वयस्कर माणूस. मी त्याला केबिनचा दरवाजा उघडून मॅट उचलून दाखवायला लागलो, तर त्यानं आत पाहिलंच नाही. म्हणाला, “वरून काय बघायचं? गाडी खड्ड्यावर घ्या.” मग मलाही खाली बोलावलं.

इंजिनाचा जळका वायू ज्या पाइपातून मागं सायलेन्सरकडं जातो, तो पाइप माझ्या आणि दादांच्या पायांच्या बरोबर खालून जात होता. तो ज्या रबरावर टांगलेला असतो त्यातलं एक तुटलं होतं, त्यामुळे पाइप सरकून केबिनच्या तळापासून जेमतेम दोन बोटं राहिला होता. पुढच्या सांध्याची गॅस्केट गेलेली. तिथं काजळीचा काळा फराटा होता. म्हणजे उष्णताच नाही, धूरही वर येत होता. परतीच्या वाटेवर माझं डोकं दुखायचं ते उन्हानं, असं मी दोन उन्हाळे धरून चाललो होतो. वर गिअरच्या दांड्याचं रबरी बूट फाटलेलं, त्या फटीतून इंजिनाची सगळी गरम हवा थेट केबिनात. आणि पाइपाच्या वर चार रिकामे बोल्ट.

“हितला पत्रा कुठंय?”

तेव्हा मला आठवलं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजला गाडी नेली होती. खालून खडखड वाजायचं. तिथल्या पोरानं एक वाकडातिकडा पत्रा काढून बाजूला फेकला आणि म्हणाला, “हा वाजत होता. काही कामाचा नसतो.” आवाज बंद झाला म्हणून मीच खूश होऊन त्याला चहा पाजला होता.

मिस्त्रीनं दिवसभर काम केलं. आधी गॅस्केट. मग टांगणीची रबरं, पाइप पुन्हा जागेवर खाली. मग ॲल्युमिनिअमच्या जाड पत्र्याचं पन्हाळ वाकवून पाइप आणि केबिनचा तळ यांच्यामध्ये बसवलं, पण कशालाच टेकू न देता, बोल्टांवर वायसर चढवून दोन्ही बाजूंनी बोटभर अंतर ठेवून. मला वाटलं, चिकटवूनच का नाही टाकत? तो म्हणाला, “चिटकला की तोच तापणार. मधी वारं खेळाया पायजे.” चकचकीत बाजू खाली, पाइपाकडं, म्हणजे धग परत फिरते. खरं तर हे आपल्याला ठाऊक असतंच. पत्र्याच्या गोठ्यावर उसाचं पाचट टाकतो तेव्हा आपण दुसरं काय करतो? गिअरचं बूट नवं घातलं, क्लच-ब्रेकच्या वायरी जिथून आत येतात तिथली भोकं रबरानं बुजवली. आणि सगळ्यात शेवटी, संध्याकाळी, केबिनात नमद्याचा थर आणि वर नवी मॅट. ज्या जागेपासून मी सुरुवात केली होती तिथं तो शेवटी पोचला.

घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. पाय उशीवर ठेवून पडले होते. ऐकून म्हणाले, “म्हंजी आधी माथ्यावर काम केलं म्हण की. तू पायथ्यालाच बांध घालीत बसला व्हतास.” आमच्या गावात पंधरा-वीस इंच पाऊस, तो आधी डोंगरावर चर खणून अडवायचा, मग नाल्यात, मग खाली, हे गाव त्या क्रमानं शिकलेलं. मला मात्र ते गाडीखाली उताणं पडेपर्यंत सुचलं नाही.

गाड्यांचं आमच्या गावाला वावडं आहे असंही नाही. अण्णा हजारे स्वतः फौजेत ड्रायव्हर होते, 1965 च्या लढाईत खेमकरणला ट्रकवर होते. त्या ट्रकांच्या केबिनात काय तापत असेल, असं माझ्या मनात कैकदा येतं. आणि नव्या गाड्यांचं तंत्र आणखी वेगळं. माझ्या पुतण्यानं बीएस-सहा पिकअप घेतली आहे. 2020 पासूनच्या या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरायला फिल्टर असतो. तो भरला की गाडी ती काजळी आतल्या आत जाळून टाकते आणि तेवढा वेळ फिल्टरच्या आत सहाशे अंशांच्या आसपास तापमान जातं. त्याला मी एकच बजावलंय, खळ्यात कडब्यावर गाडी उभी करू नको, आणि खालचा कुठलाही पत्रा वाजला तर आवळून घे, काढू नको.

पुढच्या वैशाखात दादा पुन्हा गाडीत बसायला निघाले तेव्हा घरात भांडण झालं. डॉक्टरांनी ताकीद दिली होती, घरातसुद्धा अनवाणी नाही. दादा म्हणाले, लक्ष्मीत पायताण नाही. आई रडायला आली. शेवटी बायकोनं तोड काढली. पारनेरच्या बाजारातून मऊ कापडी बूट आणले आणि ते कधी जमिनीला लावलेच नाहीत. ते गाडीतच असतात. दादा चढतात, बाहेरच्या चपला काढतात, सीटवर बसून गाडीतले बूट घालतात, घालायच्या आधी आत हात फिरवून खडा-काटा बघतात.

कामरगावचा घाट उतरलो की दादा वाकतात. उलट्या हाताचा पंजा मॅटवर टेकवतात, आधी माझ्या बाजूला, मग स्वतःच्या. हाताला अजून कळतं त्यांच्या. मग नीट बसून काच थोडी खाली करतात आणि कांद्याच्या भावाबद्दल, मी कुठं चुकलो त्याबद्दल, बोलायला लागतात.