सुटलेली काच
कॉव्हेंट्रीला भाच्याकडे उतरलो, तो त्याच्या मोटारीच्या कापडी टपाची मागली काच कडेने सुटलेली! मोटार कैलासवासी मेव्हण्यांची. "मामा, नवा टपच घाला म्हणतात," तो हिरमुसून म्हणाला.

अखेर एक म्हातारा कारागीर भेटला. त्याने जुना चिकट थर खरवडला, कडा पुसून कोरड्या केल्या, नवा लेप देऊन काच दाबून बसविली. "उद्यापर्यंत टप दुमडू नका," एवढेच बजावले.

दुपार कॅथीड्रलमध्ये काढली. १९४० च्या बॉम्बवर्षावात छप्पर गमावलेल्या भिंती तशाच राखून, त्यांना लागूनच १९६२ साली नवे कॅथीड्रल खुले झाले. भाचा बराच वेळ त्या भिंतींकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी धो धो पाऊस! आत थेंबही आला नाही.