स्लिपरचा बेडूक

जुन्या रबरी स्लिपरच्या टाचेतून मी बेडूक कोरतो. पोटातून दुहेरी गळ ओवायचा, त्याची दोन्ही टोकं पाठीला चिकटून राहतील असा. मग कमळाच्या पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मागे रबरबँडचे पाय, पोटाखाली शिशाचा तुकडा, म्हणजे उलटत नाही. हे बाबांनी शिकवलं, मरळीसाठी.

मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून अधूनमधून वर येते. तिची लालसर पिलं घोळक्यानं पृष्ठभागाशी असतात. तेवढंच पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली आईबाप राखण करतात. बाबा म्हणायचे, "बेडूक तिथंच टाक, हमखास घेते." घेतेच. भुकेनं नव्हे, पिलांजवळ आलेल्याला हाकलायला.

बाबा गेले त्या पावसाळ्यात मी एक मरळ तशीच काढली. पिशवीत ती बराच वेळ जिवंत होती. तळ्यात तेवढंच पाणी अजून उकळत होतं.

बेडूक अजूनही करतो, अगदी बाबांसारखाच. पण पिलं दिसली की दोरी गुंडाळतो. बाबांना हे पटलं नसतं. त्यांच्याशी माझं एवढंच भांडण उरलं आहे.