कायूचा किनारा

वसाहतीतल्या रस्त्यावर काळू साखळीतच चालतो, आणि ते बरोबर आहे. पोरं तिथं सायकल शिकत असतात, म्हाताऱ्या माणसांना कुत्र्याचा धाक वाटतो. पण मे महिन्यातला रविवार आला, की अंधारातच तो दाराशी जाऊन बसतो. मग स्कूटीवर माझ्या पायांपुढे उभा राहून, कान मागे टाकून, वरणगाववरून हतनूर. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूर बराच वेळ पाठीमागे दिसत राहतो.

हतनूर धरण म्हटलं की लोकांना ४१ दरवाजे आठवतात, पावसाळ्यात सोडलेलं तापीचं गढूळ पाणी आठवतं. आम्ही जातो ते भिंतीपासून लांब, फुगवट्याच्या काठाला. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेळ्या, म्हशी, धुणं, होड्या सगळं एकत्र नांदतं. इथं कुत्र्याला कुणी हटकत नाही. कुत्र्यांसाठी मुद्दाम राखलेले किनारे परदेशात असतात म्हणे. आपल्याकडे किनारा सगळ्यांचाच, म्हणून कुत्र्याचाही.

काळू एकदम पाण्यात उडी मारत नाही. आधी उजवा पाय बुडवतो, उचलतो, हुंगतो. मग दोन्ही पाय. मग पोट टेकवून बसतो आणि डोळे अर्धे मिटतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. भुसावळकडचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा त्या दुबळ्या पंख्यानं काय भागणार? पोटाला पाणी लागलं, की त्याची धाप हळूहळू उतरते. ती उतरताना पाहणं मला फार आवडतं.

पहिल्याच वर्षी तो एका बगळ्यामागं धावला आणि कोपरापर्यंत रुतला. मी चपला काढून निघालो, तोच होडीतून हाक आली, "पानी नाही हो, गाय खोल आहे तिकडे!" आमच्या भागातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. गाय म्हणजे गाळ. पूर्णा विदर्भातली काळी माती घेऊन येते, चांगदेवला तापीला मिळते आणि ती माती इथं साचत राहते. त्या भोईदादांनी होडी वळवली, वल्हं आडवं टाकलं, आणि काळूला बखोटीला धरून ओढून काढलं. नाव विचारलं. मी सांगितलं. "कायू," ते म्हणाले. तेव्हापासून काठावर त्याचं नाव कायू. दोन्ही नावांना तो सारखाच मान वळवतो.

हिवाळ्यात मात्र मी त्याला मोकळं सोडत नाही. तेव्हा याच पाण्यावर चक्रवाक असतात, मोठी लालसरी असते. मध्य आशियातून, हिमालयापलीकडून आलेली. त्यांना इथं खायचं असतं, विसावायचं असतं, परतीच्या वाटेसाठी अंगावर चरबी साठवायची असते. कुत्रा एकदा भुंकत सुटला, की सगळा थवा उठतो, आणि प्रत्येक उठण्यात त्या साठ्यातलं थोडं खर्ची पडतं. काळूला हे समजावता येत नाही, साखळी धरता येते. हौशी लोक कुत्र्याला थव्यावर सोडून फोटो काढतात, ते पाहिलं की मला राग येतो.

गेल्या जानेवारीत आम्ही काठापासून लांब, बाभळीखाली बसलो होतो. काळूचे कान ताठ, अंग थरथरतंय, साखळी माझ्या मनगटाला दोन वेढे. होडी अगदी सावकाश, थव्याला वळसा घालून आली. भोईदादांनी हाक मारली नाही, नुसता हात वर केला. काळूनं शेपटी जमिनीवर दोनदा आपटली आणि माझ्या पायावर हनुवटी टेकली. पाण्यावर एकही पंख हलला नाही.