काव्यावरचें शिंगरूं

अंबाजोगाईची योगेश्वरी ही कित्येक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. कोंकणापासून इतक्या दूर, बालाघाटाच्या डोंगरांत, बीड जिल्ह्यांत आपली कुलदेवता कशी, असा प्रश्न आमच्या घरांत प्रत्येक पिढीचीं मुलें विचारीत आलीं आहेत, आणि त्याचें समाधानकारक उत्तर कोणाहि वडील माणसास देतां आलेलें नाहीं. असो. धाकट्या नातवाची मुंज गेल्या वैशाखांत झाली. त्याला देवीच्या पायांवर घालावयाचें राहिलें होतें. म्हणून मार्गशीर्षाच्या उत्सवाचें निमित्त साधून आम्ही घरचीं सहा माणसें अंबेस गेलों.

या गांवाचें वाङ्मयीन वैभव वाचकांस ठाऊकच आहे. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधि गांवाबाहेर डोंगराच्या कुशींत आहे. कापडाच्या लांबलचक पटावर 'पासोडी' लिहिणारे दासोपंतहि येथलेच. परंतु निजामी अमलांत या गांवास मोमिनाबाद म्हणत व येथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, हें यात्रेकरूंच्या ध्यानांत सहसा नसतें. ती फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली. तिच्याच परंपरेंतलें 'डेक्कन हॉर्स' हें पथक १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर घोड्यांनिशीं चालून गेलें. आज त्या पथकाजवळ रणगाडे आहेत. घोड्याची विद्या मात्र या मातींतून अगदींच गेलेली नाहीं, याचा प्रत्यय मला दुसऱ्याच दिवशीं आला.

सकाळीं मुकुंदराजांचें दर्शन घेऊन एकटाच परतत होतों. वाटेवर सोयाबीन निघालेलें एक रान मोकळें पडलें होतें. त्यांत एक तरुण वीस-बावीस हातांची दोरी धरून उभा, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकास अडीच वर्षांचें एक तांबूस शिंगरूं. मी कुतूहलानें बांधावरून पुढें झालों, तोंच तें कान मागें टाकून उसळलें.

"गुरुजी, तिथंच थांबा," तरुण हळू आवाजांत म्हणाला. धोतर आणि छत्री पाहून त्यानें माझा धंदा ओळखला असावा. "काठी दिसली त्याला."

छत्री बांधावर ठेवून मी खालीं बसलों.

शिंगरूं वरातीसाठीं विकत घेतलेलें होतें. पहिल्या धन्यानें ताशाची संवय व्हावी म्हणून त्याला वाजंत्र्यांपुढें बांधलें, आणि बुजलें तेव्हां मारलें. तेव्हांपासून हात वर झाला कीं तें थरथरे. ठेंगणें, काटक, धनगरांच्या वाड्याबरोबर ओझें वाहणाऱ्या भीमथडी घोड्यांच्या वळणाचें. ही भीमथडी जात २०२४ सालीं देशांतली आठवी घोड्याची जात म्हणून सरकारदरबारीं नोंदली गेली.

त्या तरुणाची रीत पाहण्यासारखी होती. तो घोड्याच्या खांद्याच्या किंचित् मागल्या बाजूस राही, म्हणजे जनावर पुढें चाले. एक पाऊल त्याच्या तोंडाच्या बाजूस सरकला कीं तें थांबे. चाबूक हातांत होता, पण मारण्यास नव्हे. तो मागच्या पायांच्या रोखानें जमिनीलगत नुसता धरलेला. दोरीचे पदर तळहातावर घडी करून ठेवलेले. मुठीभोंवतीं वेढा कधीं घ्यावयाचा नाहीं, कारण घोडा उधळला तर बोटें जातात. चार-सहा फेरे डावीकडून झाले कीं तितकेच उजवीकडून. डाव्या अंगानें शिकलेलें उजव्या अंगास पुन्हा शिकवावें लागतें. फेरा ऐसपैस असावा, कारण कोंवळे सांधे लहान वर्तुळांत पिळवटतात. आणि सारें मिळून दहा मिनिटें.

शिंगरूं प्रथम मान ताठ करून, डोळे फाडून धांवत होतें. मग आंतला कान तरुणाकडे वळला. मान खालीं आली, ओंठ चाळवले, आणि तें दुडकी चाल नीट धरून चालूं लागलें. मला वाटलें, आतां खरा पाठ सुरू होणार. तोंच त्यानें त्याला थांबविलें, मान चोळली, आणि दोरी सोडली.

"इतक्यांत पुरे?" मी विचारलें.

"गुरुजी, त्याला जमलं तिथंच थांबायचं. चुकल्यावर थांबलं तर त्याच्या मनांत चूकच राहते."

घोड्यास असें वर्तुळांत फिरविण्यास मराठींत 'कावा देणें' म्हणतात. 'गनिमी काव्या'मुळें या शब्दास आपण डावपेंचाचाच अर्थ देतों. पण जुन्या कोशांत घोड्याचा फेरा आणि डाव हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दाखालीं आहेत. अमरकोशांतल्या आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत या पांच गति मीं छत्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतल्या. धौरितक कसें दिसतें, तें त्या रानांत पाहिलें. नलराजाजवळ 'अश्वहृदय' नांवाची विद्या होती व ती देऊन त्यानें ऋतुपर्णापासून द्यूतविद्या घेतली, ही कथाहि मीं अनेकदां सांगितली; त्या नांवांत 'हृदय' कां, हें कधीं विचारलें नव्हतें. ग्रीक ग्रंथकार झेनोफननें सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं हेंच बजावलें आहे, कीं रागाच्या भरांत घोड्यास हात लावूं नये.

आतां जें लिहितों तें लिहिण्यास संकोच वाटतो. मुंजीनंतर नातवास संस्कृत शिकविण्याचें काम मीं आपण होऊन पत्करलें. पहिल्याच महिन्यांत, 'रामाय'पाशीं तो तीनदां चुकला म्हणून मीं पट्टी जमिनीवर आपटली. त्याला लावली नाहीं. पण त्या दिवसापासून मी समोर बसलों कीं त्याचा शब्द ओंठांशीं अडतो. आईजवळ, चुलतभावंडांत अखंड बोलणारा मुलगा माझ्यापुढें तोतरा होतो. घरांत सर्वांस हें दिसत होतें. माझा मान राखून कोणी बोललें नाहीं. मी मात्र आळस समजून पाठ वाढवीत गेलों.

दुसऱ्या दिवशीं नातवास घेऊन त्या रानाकडे गेलों. छत्री बिऱ्हाडींच ठेवली. शिंगरूं फिरलें, थांबलें, आणि तरुणाच्या सांगण्यावरून नातवानें त्याच्या मानेवर हात ठेवला. मीं त्याला कांहीं विचारलें नाहीं, कांहीं समजावलें नाहीं.

परतीच्या एस. टी.त तो खिडकीशीं, मी शेजारीं. बऱ्याच वेळानें बाहेर पाहतच तो आपल्याशीं म्हणूं लागला: रामः, रामौ, रामाः. चतुर्थी ओलांडली. पंचमीपाशीं अडला. शब्द माझ्या जिभेवर आला होता; मीं तो गिळला.

"आजोबा, पुढचें उद्यां म्हणूं?"

"उद्यां म्हण," मी म्हणालों.