शिट्टी न मोजता

प्रेशर कुकरचा सारा कारभार कानावर चालतो. डाळीला तीन शिट्ट्या, हरभऱ्याला सहा, हा हिशेब घरोघरी पाठ असतो. कारंजा येथे एकट्या राहणाऱ्या माझ्या आईला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती शिट्टी नीट ऐकू येईनाशी झाली. संधिवातामुळे कुकरचे झाकण लावण्याचे बळही मनगटात उरले नाही. बाहेरून डबा लावण्याची आमची सूचना तिने तत्काळ फेटाळली. "हात चालतात तोवर माझं अन्न मीच शिजवीन," एवढेच ती म्हणाली. तिचा हा निर्धार टिकावा, म्हणून आम्ही विजेवर चालणाऱ्या स्लो कुकरचा विचार सुरू केला.

मंद आचेचा स्वयंपाक आपल्याला नवा नाही. चुलीच्या वैलावर वरण मुरत असे आणि गोरशीतल्या गोवऱ्यांवर दूध तासन्‌तास तापत असे. विजेच्या या भांड्याचे मूळही अशाच आठवणीत आहे. अमेरिकेतील आयर्व्हिंग नॅक्सन यांच्या आजीच्या गावी कडधान्यांचा एक पदार्थ भटारखान्याच्या निवत्या भट्टीत रात्रभर शिजत ठेवीत. ती हकिकत ऐकून नॅक्सन यांनी आपले भांडे घडवले आणि १९४० साली त्याचे पेटंट मिळवले.

निवड करताना आम्ही प्रथम वजन पाहिले. आतले चिनी मातीचे भांडे रिकामे असतानाही जड असते. म्हणून मोठ्या कुटुंबासाठीचे भांडे टाळून दीड लिटरचे घेतले. भांडे निम्मे ते दोन-तृतीयांश भरलेले असावे, असा नियम असल्याने एका माणसाला मोठे भांडे गैरसोयीचेच ठरते. आतले भांडे सुटे निघते ना, बटणावरील खुणा ठळक आहेत ना, तीन पिनांचा प्लग आहे ना, हेही तपासले. सुमारे २०० वॅटचे भांडे सहा तास चालले, तरी वीज जास्तीत जास्त सव्वा युनिटच्या आसपास लागते.

शाकाहारी घरांनी एक धोका मात्र नीट जाणून घ्यावा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे बाधक द्रव्य असते. स्लो कुकरच्या सौम्य उष्णतेने ते नष्ट होईलच असे नाही. उलट अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहून अधिक बाधू शकतो आणि तीव्र उलट्या-जुलाब होतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळावा. मगच मंद आचेवर ठेवावा. आईकडे राजमा मी मुक्कामाला असतानाच होतो. तुरीची डाळही या भांड्यात फार वेळ घेते. चिंच किंवा टोमॅटो आधी घातल्यास ती आणखी हटून बसते. म्हणून आंबट नेहमी शेवटी.

दुसरी सावधगिरी विजेची. शिजत असताना वीज गेली आणि आपण घरी असलो, तर पदार्थ लगेच गॅसवर पुरा करावा. बाहेरून परतल्यावर वीज किती वेळ नव्हती हे कळत नसेल, तर तो टाकून द्यावा. दिसायला चांगल्या पण कोमट राहिलेल्या अन्नातही जंतू वाढतात. शिळे अन्न तापवण्यासाठीही हे भांडे वापरू नये. गरम भांड्यात थार पाणी ओतल्यास ते तडकते, हेही ध्यानात ठेवावे.

या मर्यादा सांभाळल्या, तर ज्वारीच्या कण्या, मुगाची मऊ खिचडी आणि पालकाची पातळभाजी त्यात सुरेख होते. आई सकाळी आठला भिजवलेल्या कण्या लावते. दुपारी त्या कवळी न लावताही खाता येतील इतक्या मऊ असतात. मग ताक घालून वर जिरे-लसणाची फोडणी ती स्वतः देते. फोडणीचे काम यंत्राला जमत नाही आणि तिला ते सोडायचेही नाही.

असे भांडे घ्यायचे असेल, तर ज्यांना ते रोज वापरायचे आहे त्यांनाच दुकानात सोबत न्यावे. आतले भांडे त्यांच्या हाती देऊन उचलून, फिरवून पाहू द्यावे. त्यांना ते पेलत नसेल, तर बाकीचे सारे गुण निरुपयोगी आहेत.