पडवीत ऐकलेला क्रोध

पौडहून आत वळून कोळवण खोऱ्यात शिरणाऱ्या माणसाला भातखाचरे आणि उत्तरेकडचा तिकोना किल्ला प्रथमदर्शनीच दिसतात. परंतु या खोऱ्याचा कान कसा घडला आहे, हे येथे काही पावसाळे काढल्याखेरीज उमगत नाही. सप्ताहातील कीर्तन, पहाटेचा काकडा, जत्रेतील पोवाडा आणि विजेची गिरणी येण्यापूर्वी घराघरांतून उठणाऱ्या जात्यावरच्या ओव्या, या सर्वांत शब्द हा धनी असून वाद्य त्याच्या सेवेला उभे असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ज्या ओव्यांच्या संग्रहाला वाहून घेतले आणि जो पुढे महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेला, त्यात आमच्या मुळशीच्या बायकांचा वाटा मोठा आहे. अशा कानांपुढे अमेरिकेतील एका रॅप-रॉक संचाचा उघड राजकीय अल्बम ठेवला गेला, तेव्हा जे अभिप्राय उमटले त्यांची कैफियत मी येथे मांडणार आहे.

आवणी उरकली होती आणि पावसाने दुपारपासून उसंत दिली नव्हती. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीस असलेला माझा भाचा सुटीला आला होता. त्याने स्पीकर पडवीत आणून ठेवला आणि 'रेज अगेन्स्ट द मशीन' या संचाचा त्याच नावाचा पहिला अल्बम लावला. तो नोव्हेंबर १९९२ मधला. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेरीस, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय इसमास मारहाण करणाऱ्या पोलिसांना पंचांनी निर्दोष ठरविल्यावर, या संचाचे गाव लॉस एंजेलिस दंगलीत जळाले होते. गाणारा झॅक दे ला रोचा हा मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराचा मुलगा. गिटारवादक टॉम मोरेलो याचे वडील केनियाचे मुत्सद्दी, आई शाळाशिक्षिका, आणि तो स्वतः हार्वर्डचा पदवीधर. भाच्याने ही माहिती मोठ्या जिव्हाळ्याने सांगितली. परंतु पडवीत बसलेल्या मंडळींचे लक्ष त्याच्या हातातील मुखपृष्ठाकडे गेले होते.

त्या मुखपृष्ठावर ११ जून १९६३ रोजी सायगावच्या चौकात स्वतःस पेटवून घेणारे बौद्ध भिक्खू थिच क्वांग डक यांचे, माल्कम ब्राउन या वृत्तछायाचित्रकाराने टिपलेले छायाचित्र आहे. दक्षिण व्हिएतनाममधील दिएम यांच्या राजवटीने बौद्धांवर चालविलेल्या दडपशाहीचा तो निषेध होता. आमच्या थोरल्या काकूंनी, ज्यांना आता नीटसे दिसत नाही, ते चित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले. मग त्या म्हणाल्या, "आसन मोडलं नाही रे त्यानं." नंतर त्यांनी विचारले, "ह्याला वाचवायला कुणी गेलं नाही का?" भाच्याने सांगितले की, भोवती त्यांचेच सहकारी भिक्खू उभे होते आणि हे बलिदान ठरवून केलेले होते. यावर काकू बोलल्या नाहीत. पण पुढचा सगळा वेळ ते मुखपृष्ठ त्यांनी मांडीवरच ठेवले. या अल्बमविषयी मी पुष्कळ जाणत्यांची मते ऐकली आहेत. त्यांपैकी एकानेही चित्राकडे इतक्या गांभीर्याने पाहिल्याचे मला स्मरत नाही.

भजनी मंडळातील पखवाजवाल्या बुवांचे मत निराळ्या बाजूने आले. ड्रम आणि बास गिटार एकमेकांस सोडत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच गाण्यात ओळखले आणि मांडीवर ठेका धरला. मोरेलोच्या गिटारीतून मध्येच जे खरवडल्यासारखे, किंचाळल्यासारखे आवाज निघतात, ते यंत्रातून काढलेले नसून गिटारीवरील खटका चालू-बंद करून आणि पायाखालच्या पेडलने काढलेले आहेत, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर येथे वापरलेलाच नाही, असे भाच्याने सांगताच बुवांना त्या माणसाविषयी आदर वाटला. "हात तयार आहे," ते म्हणाले. "पण गाणाऱ्याचा शब्द माझ्यापर्यंत येत नाही. रागावलाय एवढं कळतं. कशावर रागावलाय?"

हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा मुख्य प्रश्न वाटतो. संगीताला भाषेची गरज नाही, हे विधान मी अनेकदा ऐकले आहे, आणि राग-रागिण्यांपुरते ते खरेही असेल. परंतु क्रोधाच्या गाण्याला ते लागू करणे मला अन्यायाचे वाटते. क्रोध कानाला जाणवतो, छातीला जाणवतो. तथापि त्याचे कारण कळेपर्यंत ऐकणाऱ्याला त्याची बाजू घेता येत नाही, किंबहुना त्याला विरोधही करता येत नाही. कारणावाचून ऐकलेला क्रोध म्हणजे केवळ गलका, आणि गलक्याची भीती कोणत्याही सत्तेला वाटलेली नाही.

म्हणून मी भाच्याला अर्थ सांगावयास लावला. शेवटचे गाणे 'फ्रीडम', ज्याची चित्रफीत लेनर्ड पेल्टियर यांच्याविषयी आहे. दोन केंद्रीय तपास अधिकाऱ्यांच्या हत्येबद्दल १९७७ मध्ये दोषी ठरलेल्या या मूलनिवासी कार्यकर्त्याची शिक्षा अन्याय्य आहे, असे या संचाचे म्हणणे. सेवानिवृत्त तलाठीसाहेब, जे आतापर्यंत सौजन्यापुरते बसले होते, ते मूलनिवासी आणि त्यांची जमीन हे शब्द ऐकताच पुढे सरकले. फेरफार आणि सातबारा यांत हयात गेलेल्या त्या गृहस्थांनी लगेच मुळशीचा विषय काढला. मुळा-नीलेच्या खोऱ्यात टाटांचे धरण, मुंबईच्या गिरण्यांना वीज, १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुरू झालेला सत्याग्रह. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी तो चालविला. बापटांना 'सेनापती' ही पदवी येथेच मिळाली. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि पाणी बोगद्यांतून व नळांतून कोकणात भिऱ्याला उतरू लागले. काकूंचे सासर-माहेर कोळवण खोऱ्यातले असले, तरी त्यांची आजी बुडालेल्या गावातून उठून आलेली होती.

तलाठीसाहेबांचा आक्षेप मात्र कडक होता. हा अल्बम 'एपिक' या, सोनीच्या मालकीच्या, कंपनीने काढला, हे त्यांना भाच्याकडूनच कळले होते. "भांडवलाविरुद्ध फिर्याद, आणि ती भांडवलदाराच्याच दफ्तरातून दाखल," असे ते म्हणाले. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. परंतु फिर्याद कोणाच्या कागदावर लिहिली यावरून ती खोटी ठरत नाही. तिच्यामुळे कोण जागे झाले हे पाहिले पाहिजे. २००९ च्या नाताळात ब्रिटनमधील श्रोत्यांनी, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतील विजेत्याचे गाणे दरवर्षी अव्वल ठरते याचा निषेध म्हणून, याच अल्बममधील 'किलिंग इन द नेम' एका आठवड्यात पाच लाखांवर विकत घेऊन पहिल्या क्रमांकावर नेले. तलाठीसाहेबांना हे पुरेसे वाटले नाही. "खरेदी म्हणजे सत्याग्रह नव्हे," ते म्हणाले, आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

तेव्हा माझी भाची, जी पुण्यात शिकते आणि जिने आतापर्यंत एक शब्दही उच्चारला नव्हता, तिने आपल्या फोनवरून दुसरे गाणे लावले. मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप गटाने आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ साली काढलेले 'द वारली रिव्होल्ट'. नावात १९४५ चा वारल्यांचा उठाव, ज्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली आहे. आणि आशयात आरेचे रान, जेथे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, सर्वोच्च न्यायालयाचा मनाईहुकूम येईपर्यंत, मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे पडली. येथे गिटारीचा गडगडाट नव्हता, पण बोल समजत होता. बुवांनी ठेका धरायचा सोडून कान दिला. काकूंनी ते पुन्हा लावावयास सांगितले, आणि पुन्हा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "हे आपलं गाऱ्हाणं आहे. ते पण असणार, पण ते मला कुणीतरी सांगायला पाहिजे."

भाचीचे मत वेगळे होते आणि तिने ते स्पष्ट मांडले. "मामा, तो गोंगाट म्हणजेच अर्थ आहे. अर्ज करून थकलेला माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज आहे तो. शब्द नंतर वाचता येतात." मी तिच्याशी सहमत नाही, पण तिच्या वयाला तो आवाज जसा भिडतो तसा मला भिडणार नाही, हेही मी जाणतो. आमचा वाद जेवणापर्यंत चालला. शेवटी असे ठरले की, भाच्याने दहाही गाण्यांचा अर्थ मराठीत लिहून दिवाळीला घेऊन यावा. तलाठीसाहेबांनी 'टाउनशिप रिबेलियन' या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीकडेही बोट दाखविणाऱ्या गाण्यापासून प्रारंभ करण्याची सूचना केली, आणि तेथील जमिनीचा कायदा कसा होता तेही शोधून आणावयास त्याला सांगितले.