लेफ्टआउट

१४ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी आमच्या पुलगावच्या घरी तीन म्हातारे टीव्हीसमोर बसले होते. (तिसरा पंचावन्नचा आहे. त्याला म्हातारा म्हटलेले आवडायचे नाही, पण आमच्यात बसतो म्हणजे आलाच.) मडगावला भारत विरुद्ध सिंगापूर सामना होता. जिंकलो तर २०२७ च्या आशिया चषकाची आशा शिल्लक राहणार होती. छांगटेने सुरुवातीलाच गोल केला तेव्हा आम्ही असे ओरडलो की सौ. स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले कुणाला तरी काही झाले. मग सिंगापूरने एक केला, मध्यंतरानंतर दुसरा. १-२. आशा संपली.

टीव्ही बंद केला, चहा झाला. आणि मंडळी, अशा वेळी आमचे जे होते तेच झाले. गाडी मागे मागे जात थेट जकार्ताला पोचली.

तिघांची ओळख करून देतो. पहिला मी. दुसरा माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही त्याला गार्डच म्हणतो. वडील रेल्वेच्या नोकरीपायी खरगपूरहून इकडे आले आणि हा इथलाच झाला, पुढे स्वतःही रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झाला. जातीचा बंगाली, पण वऱ्हाडी माझ्यापेक्षा फर्डी बोलतो. तिसरा माझा विद्यार्थी. बाजारात त्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. आता सायकली कमी आणि मोटरसायकलची पंक्चरंच जास्त. शाळेच्या संघात तो डाव्या बगलेला खेळायचा, म्हणून त्याचे नाव लेफ्टआउट पडले ते आजतागायत. त्याची बायकोसुद्धा कधी कधी त्याच नावाने हाक मारते.

माझा जन्म १९५१ चा. त्याच वर्षी दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले आणि मेवालालच्या एकमेव गोलवर आपण इराणला हरवून फुटबॉलचे सुवर्ण घेतले. हा योगायोग मी उगाचच मिरवत आलो आहे. मला स्वतःला आठवते ते १९६२ चे. तेव्हा आमच्याकडे रेडिओ नव्हता, गार्डच्या वडिलांच्या क्वार्टरमध्ये होता. ४ सप्टेंबरच्या रात्री बातम्यांत सांगितले की जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. गार्डचे वडील एरवी फार गंभीर माणूस. ते खुर्चीवरून उठले, काही न बोलता आत गेले आणि आम्हा दोन पोरांच्या हातावर एकेक बत्तासा ठेवला. मी अकरा वर्षांचा होतो. कोरिया कुठे आहे हेही धड ठाऊक नव्हते. दीड महिन्याने चीनचे युद्ध सुरू झाले आणि त्या बत्ताशाची चव कुणाच्या लक्षात राहिली नाही. आमच्या मात्र राहिली.

तो विजय काय होता हे पुढे वाचून वाचून कळले. पहिल्याच सामन्यात याच कोरियाकडून ०-२ अशी हार. मग थायलंडला ४-१ हरवले, पण त्यात बचावातला आपला खांब जर्नेल सिंग डोके फोडून घेऊन बसला, टाके पडले. जपानला २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला ३-२. अंतिम सामन्याच्या वेळी गोलरक्षक थंगराज तापातून उठलेला. त्यात सगळे स्टेडियम आपल्या विरोधात! इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही, त्यावर आपले सोंधी बोलले आणि राग निघाला तो खेळणाऱ्या पोरांवर. तर प्रशिक्षक रहीमसाहेबांनी काय करावे? टाके पडलेल्या जर्नेलला बचावात न ठेवता सरळ पुढे आघाडीला धाडले. पहिला गोल पीके बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा, डोक्याला पट्टी तशीच.

हे सगळे २०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा आला तेव्हा जगाला कळले. आम्ही तिघांनी तो पाहिला आणि पुरते दोन तास चुका काढत बसलो. असो.

अकरा नावे म्हणायची आमची पद्धत आहे. एकाने सुरू करायचे, अडला की पुढच्याने उचलायचे. थंगराज, चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, अरुण घोष, प्रशांत सिन्हा, फ्रँको, पीके, युसूफ खान, जर्नेल, चुनी गोस्वामी, बलराम. गार्ड नेहमी फ्रँकोवर अडतो. मी त्याला म्हणतो, तुला कलकत्त्याबाहेरचा माणूस दिसतच नाही. फॉर्च्युनॅतो फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा. गोवा मुक्त होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते आणि हा भारतासाठी सुवर्ण घेऊन आला. फ्रँको आणि चंद्रशेखर दोघेही तेव्हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारे. आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसोझा? तोही मुंबईचाच! ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई माणूस मुंबईचा होता आणि आमच्या वर्ध्याच्या पोरांना त्याचे नाव माहीत नाही. त्या स्पर्धेत आपण चौथे आलो. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही नेव्हिलनेच केला, मग त्यांनी चार केले. १९८० मध्ये तो गेला, पन्नाशीही गाठली नाही.

चुनी मोठा की बलराम, हा आमचा पन्नास वर्षांचा खटला. गार्ड चुनीच्या बाजूने, मी बलरामच्या. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध, दोन्हीकडे गोल बलरामचा. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली त्यात पीकेचा. चुनीचा कुठे आहे? यावर गार्ड म्हणतो, "गोल मोजाले तं तलाठीही येते, खेळ पाहाले डोळे लागते." दोघांनीही चुनीला किंवा बलरामला प्रत्यक्ष खेळताना कधी पाहिलेले नाही, हे इथे कबूल करून टाकतो. २०२० च्या मार्चमध्ये पीके गेले, एप्रिलमध्ये चुनी, पुढच्या वर्षी फ्रँको, २०२३ मध्ये बलराम. दर वेळी आम्ही एकमेकांना फोन केला. जवळचे कुणी गेल्यावर करतात तसा.

तर त्या रात्री खटला चालू असताना विषय निघाला की आपले असे का झाले. हे तर दर पराभवानंतर निघतेच. गार्डने संघटनेला शिव्या दिल्या, क्रिकेटला दिल्या. मी म्हणालो, "शाळांमध्ये खेळच उरला नाही. पोरगं चांगलं खेळतं म्हणून त्याच्यामागे उभा राहणारा मास्तर कुठे आहे?"

लेफ्टआउट इतका वेळ गप्प होता. चहाची बशी खाली ठेवत हसून म्हणाला, "सर, तुमी मले लंडनची गोष्ट सांगतली होती, आठवते काय?"

आठवते. न आठवून कसे चालेल?

१९८६ ची गोष्ट. तेव्हा मी आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत होतो. मराठी आणि इतिहास शिकवायचो, शिवाय कुणी नाही म्हणून खेळाचा तासही माझ्याच गळ्यात. हा दहावीत होता. नागपूरला निवड चाचणी होती आणि तिथून याच्या नावाने बोलावणे आले. त्यात लिहिले होते की बूट आवश्यक. याचे वडील रोजमजुरी करणारे. हा माझ्याकडे आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, सर, बूट नाहीत. त्याने पैसे मागितले नाहीत. तेवढेच बोलला.

शंभराच्या आत काम झाले असते. माझ्याकडे पैसे नव्हते असे नाही. पण दहावीचे वर्ष, शाळेच्या निकालाची टक्केवारी, त्याचे कच्चे गणित.. मला वाटले, पोरगा नागपूरला गेला तर डोक्यात फुटबॉलच राहील. मग मी त्याला वर्गात नेहमी सांगायचो तीच गोष्ट पुन्हा सांगितली. १९४८ चे लंडन ऑलिंपिक. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. समोर फ्रान्स. दोन पेनल्टी हुकल्या तरी फक्त १-२ ने हरलो, रामनने गोल केला. आणि १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही, कारण बूट घाला म्हणाले आणि आपण नाही म्हणालो! बुटाचे काय घेऊन बसलास, बाळा? आधी परीक्षा दे.

तो "हो जी" म्हणून गेला. नागपूरला गेला नाही. आणि मार्चमध्ये गणितात नापास व्हायचा तो झालाच.

विश्वचषकाची ती गोष्ट खरी नव्हती, हे मला निवृत्तीनंतर कळले. ब्राझीलला न जाण्यामागे लांबचा समुद्रप्रवास, संघनिवडीतले मतभेद आणि मुख्य म्हणजे ऑलिंपिकपुढे विश्वचषकाची आपल्याला किंमतच नव्हती, ही कारणे होती. यजमान बहुतेक खर्च द्यायला तयार होते. स्वीडन, इटली, पराग्वे यांच्या गटात आपले नावही पडले होते. अनवाणी पायांचे निमित्त मागाहून चिकटले आणि माझ्यासारख्या मास्तरांनी ते वर्गावर्गांत पोचवले.

पण हे अज्ञान झाले, ते माफ होईल. हेलसिंकीचे काय? ते मला तेव्हाही माहीत होते. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, त्या थंडीत, आपले अनेक जण अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतले. त्यानंतर आपल्याच संघटनेने बूट सक्तीचे केले. मी पोराला लंडन सांगितले आणि हेलसिंकी गाळले. इतिहासाच्या शिक्षकाने!

दुसरी गोष्ट तर मला आणखी टोचते. सय्यद अब्दुल रहीम हेही शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे बी.ए., हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवलेले. त्यांनीच उभ्या केलेल्या हैदराबाद पोलिस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० पासून ओळीने पाच वर्षे जिंकला. बलरामकडे सिकंदराबादहून हैदराबादला सरावाला यायचे पैसे नव्हते, तेव्हा रहीमसाहेबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे दिले. हा किस्सा मी बलरामची थोरवी म्हणून कितीदा गार्डला ऐकवला आहे. आमच्या खटल्यातला तो माझा पुरावा असायचा! त्यातला मास्तर मला दिसलाच नाही. मीही बी.ए., मीही मास्तर. सायकलीचे दुकान निघाले ते माझ्या विद्यार्थ्याचे.

लेफ्टआउटचा आवाज तक्रारीचा नव्हता, हेही सांगायला हवे. तो सुखी आहे. मुलगी नर्स झाली, स्वतःचे घर आहे. गेला असता तरी तिथे निवड झालीच असती असे कोण सांगेल? गार्डने हेच म्हणून विषय बदलायचा प्रयत्न केला. सौ.ही आतून म्हणाली, झाले त्याला चाळीस वर्षे. मी मात्र चष्मा पुसत बसलो.

मग मी त्याला हेलसिंकी सांगितले. सगळे, थंडीसकट, १०-१ सकट. वर्गात सांगायचो तसे, पण उभा न राहता.

त्याने नीट ऐकून घेतले. "धा गोल? बाप्पा!" म्हणाला. मग थोड्या वेळाने विचारले, "आन् आपला एक कोन मारला जी?"

"अहमद खान. बंगलोरचा. अगदी शेवटी शेवटी."

"अनवानी?"

मला ते नक्की सांगता आले नाही. गार्ड म्हणाला, शोधून ठेवतो. लेफ्टआउटने चपला घातल्या, फाटकातून सायकल काढली आणि जाता जाता विचारले की पुढची मॅच कधी आहे.